बलाढ्य मोटार आणि नित्याचा प्रवास : विश्वसनीयतेच्या प्रश्नाचा एक विचार

अमेरिकेत १९६० ते १९७० ह्या दशकात मोटारींचा एक स्वतंत्र वर्ग उदयास आला. मध्यम आकाराची, दोन दारांची आणि किमतीने सामान्य गिऱ्हाइकाच्या आटोक्यातील मोटार घ्यावयाची व तिच्यात त्याच कंपनीच्या मोठ्या मोटारींसाठी तयार केलेले आठ सिलिंडरांचे इंजिन बसवावयाचे, ही त्या वर्गाची मूळ कल्पना होय. १९६४ साली निघालेली 'पाँटिअ‍ॅक जीटीओ' ही ह्या वर्गातील पहिली गाडी मानण्याचा प्रघात आहे. तिचे इंजिन ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे होते, आणि त्याची जाहीर शक्ती ३२५ अश्वशक्ती होती. पुढे अशा मोटारींना 'मसल कार', म्हणजे स्नायूंच्या बळाची मोटार, हे नाव रूढ झाले.

ह्या मोटारींची चर्चा बहुधा वेगाच्या आणि शर्यतीच्या अंगाने होते. परंतु त्या विकल्या गेल्या त्या सर्वसामान्य रस्त्यावर चालण्यासाठी. अनेक घरांत तीच एक मोटार होती. तिच्यातून कामावर जावयाचे, बाजार करावयाचा, हिवाळ्यात बर्फातून आणि उन्हाळ्यात वाहनांच्या खोळंब्यातून वाट काढावयाची, हे तिचे खरे नित्यकर्म होते. अमेरिकन उपनगरांत सार्वजनिक वाहनांची सोय तुटपुंजी असते. अशा ठिकाणी सकाळी मोटार सुरू झाली नाही तर दिवसाची मजुरी बुडते. शर्यतीच्या मैदानावर इंजिन बंद पडले तर एक बक्षीस हुकते. नित्याच्या प्रवासात ते बंद पडले तर उपजीविकेलाच धक्का बसतो. म्हणून बलाढ्य मोटार रोजच्या वापरात विश्वासाची ठरते काय, हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा नाही.

ह्या प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे नेहमी ऐकू येतात. एक असे की, जे यंत्र अधिक बलवान ते अधिक नाजूक. दुसरे असे की, मोठ्या इंजिनाला रोजचे काम म्हणजे खेळ असल्यामुळे ते लहान इंजिनापेक्षा अधिक टिकते. दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. विश्वसनीयतेची शास्त्रीय व्याख्या पाहिली म्हणजे ह्याचे कारण कळते. ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काळपर्यंत, ठरावीक काम बिनचूक पार पडण्याची संभाव्यता म्हणजे विश्वसनीयता. ह्या व्याख्येत शक्तीचा उल्लेख नाही. परिस्थितीचा आणि कामाचा मात्र आहे. तेव्हा इंजिन किती शक्तीचे आहे, हा मुख्य प्रश्न नव्हे. ते कोणत्या कामासाठी जुळवले आहे, त्याला प्रत्यक्षात कोणते काम पडते, आणि ह्या दोहोंत किती अंतर आहे, हा मुख्य प्रश्न होय.

जाहीर शक्ती आणि लागणारी शक्ती

प्रथम हे अंतर किती मोठे असते ते मोजून पाहणे इष्ट ठरेल. १,७०० किलोग्रॅम वजनाची मोटार सपाट रस्त्यावर ताशी ९० किलोमीटर वेगाने एकसारखी चालली आहे असे समजू. चाकांच्या लोळणघर्षणाचा गुणांक ०.०१५ धरला तर त्याचा विरोध सुमारे २५० न्यूटन होतो. त्या काळच्या चौकोनी बांध्याच्या मोटारीला हवेचा विरोध ह्या वेगाला सुमारे ३५० न्यूटन पडेल. एकूण ६०० न्यूटनांच्या विरोधावर सेकंदाला २५ मीटर ह्या गतीने मात करण्यास १५ किलोवॅट, म्हणजे चाकांपाशी सुमारे २० अश्वशक्ती पुरते. गिअर आणि मागील आस ह्यांतील घट धरूनही इंजिनाकडून २४ अश्वशक्तीहून फारशी अधिक मागणी होत नाही. ज्या इंजिनाची जाहीर शक्ती ४२५ आहे, त्याच्या दृष्टीने हा जेमतेम अठरावा हिस्सा झाला. शहरातील संथ रहदारीत तर तोही लागत नाही.

जाहीर आकड्याविषयीही सावध राहावयास हवे. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या जी 'स्थूल' अश्वशक्ती जाहीर करीत, ती इंजिन चाचणी-मंचावर ठेवून आणि मोटारीतील नेहमीची हवागाळणी, ध्वनिशामक नळी इत्यादी जोडण्यांचा भार वगळून मोजलेली असे. १९७२ च्या मोटारींपासून ह्या जोडण्यांसह मोजलेली 'निव्वळ' अश्वशक्ती देण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली, आणि काही इंजिनांचे आकडे रचनेत विशेष बदल न होताही एकदम खाली आले. स्थूल आकडा खोटा नव्हता. तो ज्या अवस्थेचा होता ती अवस्था मोटारीच्या आयुष्यात कधीच येत नव्हती, एवढेच.

ह्या अंतरातून बलाढ्य मोटारीला एक लाभ मिळतो. इंजिनातील दट्ट्या प्रत्येक धावेच्या टोकाशी थांबतो आणि उलट दिशेने निघतो. त्यामुळे संयोगदांड्यावर व बेअरिंगांवर जडत्वाचा जो जोर येतो, तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मिनिटाला ५,००० फेऱ्यांसाठी बांधलेले इंजिन २,५०० फेऱ्यांवर चालवले तर हा जोर चौथ्या हिश्शावर येतो. धातूचा शिणवटा अशा स्थितीत फार मंदावतो. मोठे इंजिन सावकाश चालवले असता दीर्घायुषी ठरते, ह्या समजुतीला हा आधार आहे. क्रँकशाफ्ट, बेअरिंगे आणि दट्टे ह्यांपुरती ती समजूत बरोबरही आहे. परंतु रोजच्या वापरात मोटार अडते ती क्रँकशाफ्ट तुटल्यामुळे क्वचितच.

एकाच कंपनीची दोन इंजिने

हा मुद्दा एका जोडीच्या तुलनेने स्पष्ट होईल. १९६७ साली 'प्लिमथ जीटीएक्स' आणि 'डॉज कोरोनेट आर/टी' ह्या क्रायस्लर कंपनीच्या मोटारींत ४४० घन इंचांचे इंजिन नेहमीचे म्हणून येत असे आणि जादा पैसे देऊन ४२६ घन इंचांचे 'हेमी' इंजिन घेता येत असे. दोहोंत दट्ट्याची धाव सारखीच, ३.७५ इंच होती. ४४० ची जाहीर शक्ती ३७५ अश्वशक्ती, ४,६०० फेऱ्यांवर. हेमीची ४२५ अश्वशक्ती, ५,००० फेऱ्यांवर. दट्ट्याची सरासरी गती पहिल्यात सेकंदाला १४.६ मीटर आणि दुसऱ्यात १५.९ मीटर येते. हा फरक काही मोठा नाही. आकार जवळजवळ तोच, कारखानदार तोच, गाडीही तीच. तरीही रोजच्या वापराच्या दृष्टीने ही दोन यंत्रे भिन्न जातीची होती.

पहिला भेद फिरवण्याच्या जोराचा, म्हणजे ज्याला टॉर्क म्हणतात त्याचा होय. कमाल जोर दोन्ही इंजिनांचा जवळजवळ सारखा, ४८० आणि ४९० फूट-पौंड होता. पण ४४० मध्ये तो ३,२०० फेऱ्यांवर मिळे आणि हेमीत ४,००० फेऱ्यांवर. शहरात इंजिन बहुधा दीड ते अडीच हजार फेऱ्यांच्या दरम्यान चालते. म्हणजे पहिल्या इंजिनाचे उत्तम क्षेत्र नित्याच्या वापराच्या जवळ आणि दुसऱ्याचे त्यापासून दूर होते.

दुसरा भेद श्वसनाचा. हेमीच्या ज्वलनकक्षाचा आकार अर्धगोलासारखा असल्यामुळे त्यात मोठ्या झडपा समोरासमोर तिरप्या बसवता येत आणि उच्च वेगाला भरपूर हवा आत घेता येई. मात्र तेच प्रशस्त मार्ग मंद वेगाला अडचणीचे ठरतात. त्यांतून हवा सावकाश वाहते, पेट्रोलचे थेंब तिच्यात नीट मिसळत नाहीत, आणि थंड इंजिनात ते मार्गाच्या भिंतींवरच साचतात. शिवाय ह्या इंजिनाला चार-चार मुखांचे दोन कार्बुरेटर होते. त्यांचा मेळ बिघडला की मिश्रणही बिघडते.

तिसरा भेद दिसण्यात लहान परंतु परिणामात मोठा आहे. ४४० मध्ये झडपांचे टॅपेट तेलाच्या दाबावर चालणारे होते. झडपेपाशी पडणारी फट ते आपोआप भरून काढीत. हेमीत १९६९ पर्यंत साधे भरीव टॅपेट होते. उच्च वेगाला ते अधिक भरवशाचे असतात, परंतु त्यांची फट ठरावीक काळाने हाताने मोजून जुळवावी लागते. ती वाढली तर झडपा उशिरा उघडून लवकर मिटतात व आवाज करतात. ती नाहीशी झाली तर झडप पूर्ण मिटत नाही आणि तापून जळते. १९७० साली कंपनीने हेमीतही तेलाचे टॅपेट घातले. रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला शर्यतीच्या मैदानावरील मेकॅनिकाइतके अवधान ठेवता येत नाही, ह्याची ही कबुलीच होती.

ह्याहून स्पष्ट कबुली हमीपत्रात आढळते. क्रायस्लर कंपनीने १९६३ च्या मोटारींपासून इंजिन व शक्तिवहनाच्या भागांना ५ वर्षांची किंवा ५०,००० मैलांची हमी देण्यास आरंभ केला होता आणि त्या हमीचा मोठा गाजावाजाही केला होता. १९६६ साली हेमी इंजिन सामान्य विक्रीस आले तेव्हा त्याला मात्र १२ महिन्यांची किंवा १२,००० मैलांची हमी होती. कंपनीच्या सर्वांत मजबूत बांधणीच्या इंजिनाला कंपनीची अत्यंत तोकडी हमी मिळावी, ही विसंगती वाटते. परंतु हमी देणारा धातूची ताकद मोजत नसतो. यंत्राकडून कोणते काम घेतले जाईल आणि त्याची निगा कशी राखली जाईल, ह्याचा तो अंदाज घेत असतो.

झडपांचा काळ आणि मंद गतीचा त्रास

उच्च वेगाला शक्ती मिळवण्याचा मुख्य उपाय म्हणजे झडपा अधिक काळ उघड्या ठेवणे. इंजिन वेगाने फिरत असता आत येणाऱ्या हवेला वेळ अपुरा पडतो. म्हणून कॅमशाफ्टची घडण अशी करतात की, निकास झडप मिटण्यापूर्वीच प्रवेश झडप उघडावी. दोन्ही झडपा एकदम उघड्या असण्याच्या ह्या काळाला अधिव्याप्ती म्हणता येईल. उच्च वेगाला बाहेर जाणारा वायूचा लोट ताज्या मिश्रणाला आत ओढतो आणि अधिव्याप्ती उपकारक ठरते.

मोटार उभी राहून इंजिन मंद गतीने चालू लागले की हेच उलटते. त्या वेळी हवेचा पडदा जवळजवळ मिटलेला असतो आणि प्रवेशमार्गात निर्वात तयार होतो. अधिव्याप्तीच्या काळात जळालेला वायू त्या निर्वाताकडे मागे ओढला जातो व ताज्या मिश्रणात मिसळतो. असे दूषित मिश्रण नीट पेटत नाही. एखादी धाव पेटते, एखादी हुकते, आणि इंजिन धक्के देत चालते. सर्वसाधारण इंजिनात मंद गतीला पाऱ्याच्या १८ ते २० इंचांइतका निर्वात असतो. शर्यतीच्या धर्तीच्या कॅमशाफ्टने तो १० इंचांच्या आसपास घसरू शकतो. ब्रेक दाबण्यास मदत करणारे साधन ह्याच निर्वातावर चालते. म्हणजे सिलिंडरातील एका तडजोडीचा परिणाम थेट चालकाच्या पायाखाली, ब्रेकवर होतो.

मंद गती सावरण्यासाठी मिश्रणात पेट्रोल वाढवावे तर स्पार्क प्लगवर काजळी धरते. बलाढ्य इंजिनात उच्च वेगाची उष्णता सोसणारे 'थंड' जातीचे प्लग वापरतात. नित्याच्या संथ प्रवासात ते स्वतःची काजळी जाळून टाकण्याइतके तापतच नाहीत. दोन-चार मैलांच्या फेऱ्यांत इंजिनही पुरते तापत नाही. तेव्हा न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खाली उतरते, वंगण-तेल पातळ होते आणि ज्वलनातील पाण्याची वाफ त्यात थिजते. ज्या इंजिनाला जोराच्या धावेने इजा पोचत नाही, ते अशा रोजच्या अर्धवट कामाने झिजते.

संपीडन आणि इंधन

संपीडन गुणोत्तर वाढवले की त्याच इंधनातून अधिक काम मिळते. परंतु एका मर्यादेपलीकडे मिश्रण ठिणगीची ज्योत पोचण्यापूर्वीच आपोआप पेटते आणि इंजिनात ठोके पडू लागतात. हे ठोके दट्ट्याला भोके पाडण्याइतके घातक होऊ शकतात. ह्या प्रकाराला इंधन किती विरोध करते ते ऑक्टेन अंकाने कळते.

१९६७ साली 'शेव्हरोले कॉर्व्हेट' ह्या मोटारीसाठी निघालेले 'एल ८८' इंजिन ह्या दिशेचे टोक होते. कॉर्व्हेट ही वस्तुतः क्रीडा-मोटार, परंतु येथे उदाहरण म्हणून ती उपयोगी आहे. ह्या इंजिनाचे संपीडन गुणोत्तर १२.५ होते आणि त्याला संशोधन-पद्धतीने मोजलेल्या किमान १०३ ऑक्टेन अंकाचे इंधन लागे. तशी सूचना मोटारीतच लावलेली असे. ह्या इंजिनाबरोबर हीटर आणि रेडिओ घेता येत नसत. जाहीर शक्तीही ४३० अश्वशक्ती, म्हणजे त्याच वर्षीच्या रस्त्यावरील ४३५ अश्वशक्तीच्या इंजिनाहून कमी सांगितली होती. ही मोटार कामावर जाण्यासाठी नाही, हे गिऱ्हाइकाला इतक्या परींनी सुचवलेले होते.

पुढे इंधनच बदलले. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर शिसेविरहित पेट्रोलाची तयारी सुरू झाली. जनरल मोटर्सने १९७१ च्या मोटारींत संपीडन गुणोत्तर उतरवले. १९७५ च्या मोटारींपासून निकासवायू शुद्ध करणारे उत्प्रेरक साधन सर्रास आले, आणि १ जानेवारी १९९६ पासून अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकण्यास बंदी झाली. शिशाचे दोन उपयोग होते: ते ठोके थोपवी आणि निकास झडपेच्या बैठकीवर एक पातळ थर धरून तिची झीजही रोखी. शिसे गेल्यावर जुन्या इंजिनांतील मऊ बिडाच्या बैठका, विशेषतः सतत जोराच्या धावेत, खचू लागल्या. त्यावर कठीण धातूची कडी बसवणे हा उपाय आहे. वंगण-तेलाचीही तीच कथा. जुन्या सपाट टॅपेटांना जस्त आणि फॉस्फरस ह्यांच्या संयुगाचे संरक्षण लागते. उत्प्रेरक साधनाला फॉस्फरसाने अपाय होतो म्हणून नव्या तेलांत त्याचे प्रमाण घटवण्यात आले. जुन्या मोटारीत हाताला येईल ते नवे तेल ओतले तर कॅमशाफ्ट झिजू शकतो. यंत्र जागच्या जागी असते, पण त्याभोवतीची परिस्थिती सरकते. विश्वसनीयतेच्या व्याख्येतील 'ठरावीक परिस्थिती' ह्या शब्दांचे महत्त्व येथे दिसते.

उष्णता, दंतचक्रे आणि ब्रेक

इंजिनाची उष्णता नेणारी हवा रेडिएटरमधून दोन कारणांनी वाहते: मोटारीच्या गतीमुळे आणि पंख्यामुळे. त्या काळचा पंखा पट्ट्याने इंजिनालाच जोडलेला असे. जोराच्या धावेनंतर मोटार खोळंब्यात थांबली की गतीची हवा बंद होते, पंखाही मंदावतो, आणि पाण्याचा पंपही. इंजिनावर बसलेल्या कार्बुरेटरातील पेट्रोल उकळते, नळीत वाफ अडकते आणि मोटार पुन्हा सुरू होत नाही. मोठे रेडिएटर आणि पंख्याभोवती हवा वळवणारे आवरण ह्यांनी हा दोष पुष्कळ कमी होतो.

मागील आसाच्या दंतचक्रांचे गुणोत्तर हीही अशीच निवड आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाला, चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर धरल्यास, ३.२३ गुणोत्तरावर इंजिन मिनिटाला अंदाजे २,५५० फेरे घेते, आणि शर्यतीला सोयीच्या ४.१० गुणोत्तरावर ३,२५० च्या आसपास. जडत्वाचा जोर त्यामुळे १.६ पट होतो. इंजिन तेच असूनही एकाच हमरस्त्यावर त्याची झीज, आवाज आणि पेट्रोलचा खर्च वेगळा होतो.

ब्रेकांचा विचार विश्वसनीयतेच्या चर्चेत सहसा येत नाही, पण तो आधी यावयास हवा. १९६४ च्या जीटीओला चारही चाकांवर ड्रमचे ब्रेक होते. पुढील चाकांवर चकतीचे ब्रेक १९६७ पासून ऐच्छिक म्हणून मिळू लागले. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या तुलनेत १६० किलोमीटर वेगाला मोटारीची गतिज ऊर्जा २.५६ पट असते, आणि ती सर्व ब्रेकांत उष्णता होऊन उतरते. तापलेला ड्रम प्रसरण पावून अस्तरापासून दूर जातो, अस्तराचे घर्षणही घटते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ब्रेक लागत नाही. इंजिन सुरू न होणे ही गैरसोय आहे. ब्रेक न लागणे ही जीवावर बेतणारी गोष्ट आहे. शक्ती वाढवताना ती आवरण्याच्या साधनांकडे झालेले दुर्लक्ष हा ह्या वर्गाच्या आरंभीच्या मोटारींचा सर्वांत गंभीर दोष मानावा लागतो.

साखळीचा हिशेब

आतापर्यंतच्या विवेचनात मोटार अडवणारे भाग वरचेवर आले: प्लग, डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट, कार्बुरेटर, टॅपेट, रबरी नळ्या, पंख्याचा पट्टा, बॅटरी. हे सारे भाग एका साखळीत आहेत. एक निकामी झाला तरी मोटार अडते. अशा रचनेत एकूण विश्वसनीयता ही प्रत्येक भागाच्या विश्वसनीयतेचा गुणाकार असते. असे २० भाग आहेत आणि त्यांतील प्रत्येक एखाद्या सकाळी नीट चालण्याची संभाव्यता ०.९९९ आहे असे उदाहरणापुरते मानले, तर मोटार निघण्याची संभाव्यता सुमारे ०.९८ येते. म्हणजे सरासरी पन्नास सकाळींत एकदा मोटार दगा देईल. प्रत्येक भागाची संभाव्यता ०.९९९९ केली तर हेच प्रमाण पाचशे सकाळींत एकदा असे होते. ह्या गणितात अश्वशक्ती कोठेच येत नाही. सर्वांत मोठ्या भागाला अधिक मजबूत करून साखळी सुधारत नाही. सर्वांत दुबळ्या भागाकडे लक्ष देऊनच ती सुधारते.

जुनी बलाढ्य मोटार आज रोज चालवणारे लोक जे फेरफार करतात, त्यांची संगती ह्याच हिशेबाने लागते. पॉइंटांच्या जागी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन येते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने फुगणाऱ्या वा कुजणाऱ्या जुन्या रबरी नळ्या बदलल्या जातात. संपीडन गुणोत्तर उतरवून, अधिव्याप्ती कमी असलेला कॅमशाफ्ट घालून आणि हमरस्त्यासाठी एक जादा गिअर बसवून इंजिन नित्याच्या कामाजवळ आणले जाते. पुढे चकतीचे ब्रेक येतात. ह्यांतील काही बदलांनी कमाल शक्ती थोडी उणावते. वापरणाऱ्याला ती उणीव जाणवत नाही, कारण ती त्याच्या रोजच्या प्रवासात कधीच उपयोगात येत नव्हती.

तडजोडीचे बदललेले रूप

जुन्या इंजिनाची खरी अडचण अशी होती की, त्याची जुळणी कारखान्यात एकदाच ठरे. कॅमशाफ्ट घडला की झडपांचा काळ कायमचा ठरला. म्हणून रचनाकाराला मंद गती किंवा कमाल वेग ह्यांतील एकाची बाजू घ्यावी लागे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने ही सक्ती पुष्कळशी दूर केली.

२०१८ च्या 'फोर्ड मस्टँग जीटी' ह्या मोटारीचे ५ लिटरचे इंजिन ४६० अश्वशक्ती देते, आणि तीही निव्वळ पद्धतीने मोजलेली. लिटरमागे ही ९२ अश्वशक्ती होते. हेमीची स्थूल शक्ती लिटरमागे ६१ होती. ह्या इंजिनाचे संपीडन गुणोत्तर १२ आहे, म्हणजे एल ८८ च्या अगदी जवळ; तरीही ते पंपावरच्या साध्या पेट्रोलवर चालते. कारण असे की, सिलिंडरात थेट फवारलेले पेट्रोल वाफ होताना मिश्रणाला थंड करते, आणि ठोक्याची चाहूल घेणारे साधन इंजिनाची कंपने जाणून ठिणगी क्षणात मागे सरकवते. झडपांचा काळ चालत्या इंजिनात बदलत असल्यामुळे मंद गतीला अधिव्याप्ती आवरता येते. क्रायस्लरने २००५ च्या मोटारींत आणलेल्या ५.७ लिटरच्या इंजिनात हलक्या भाराच्या वेळी आठांपैकी चार सिलिंडर बंद ठेवण्याची योजना होती. वर मोजलेल्या २४ अश्वशक्तीच्या मागणीला दिलेले हे सरळ उत्तर होय. २०१५ च्या 'डॉज चॅलेंजर हेलकॅट' मोटारीबरोबर तर दोन किल्ल्या मिळत. तांबड्या किल्लीने ७०७ अश्वशक्ती पूर्ण मिळे आणि काळ्या किल्लीने ती ५०० वर रोखली जाई. पूर्वी दोन निरनिराळ्या इंजिनांत वाटलेली गोष्ट आता एकाच इंजिनाच्या दोन अवस्था झाली.

ह्याचा अर्थ तडजोड संपली असा नाही. मोठी शक्ती रस्त्यावर उतरवणारे रुंद व मऊ टायर लवकर झिजतात, आणि उन्हाळी जातीच्या टायरांचे रबर थंडीत ताठर होऊन पकड सोडते. दुसरे असे की, साखळीत आता संवेदक, तारा आणि नियंत्रक ह्यांची भर पडली आहे. हे भाग पूर्वीच्या भागांपेक्षा कितीतरी कमी बिघडतात. पण बिघडल्यास रस्त्याच्या कडेला दुरुस्त होत नाहीत. जुने पॉइंट काचकागदाने घासून घरी पोचता येत असे. बिघाड किती वेळा होतो हा एक प्रश्न, आणि तो झाल्यावर यंत्र किती लवकर पुन्हा चालू होते हा दुसरा. पहिल्याला विश्वसनीयता म्हणतात. दोन्ही मिळून वापरणाऱ्याला जे हाती लागते त्याला उपलब्धता म्हणता येईल. नव्या मोटारीने पहिल्यात मोठी प्रगती केली. दुसऱ्यासाठी मालक कारखान्यावर अधिक अवलंबून झाला.

तात्पर्य, बलाढ्य मोटार रोजच्या प्रवासात विश्वासाची ठरू शकते, परंतु ती शक्तीमुळे नव्हे आणि शक्ती असूनही नव्हे. जिथे इंजिनाची जुळणी आणि त्याचे नित्याचे काम ह्यांतील अंतर लहान ठेवले गेले, तिथे शक्तीचा साठा टिकाऊपणाला साहाय्यक झाला. जिथे ते अंतर वाढले, तिथे सर्वांत मजबूत इंजिनही सकाळी रुसले. यंत्राची परीक्षा करणाऱ्या अभ्यासकाने म्हणून कमाल शक्तीच्या आकड्याबरोबर आणखी एक आकडा पाहावा: त्याच यंत्राला त्याच्या कर्त्याने किती काळाची हमी दिली आहे. १९६६ साली पन्नास हजार मैल आणि बारा हजार मैल ह्या दोन आकड्यांनी जे सांगितले, ते चारशे पंचवीस अश्वशक्तीच्या आकड्याने सांगितले नव्हते.